एका घरातील दोन झेंडे

बंगाली नववर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते. आपल्याकडे दिवाळीत व्यापारी जसे चोपडीपूजन करतात, तसे त्या दिवशी कोलकात्याचे दुकानदार नव्या वहीखात्याची पूजा करून वर्षाचा आरंभ करतात. मात्र त्याच सकाळी त्या शहराच्या विस्तीर्ण मैदानावर आणखी एक पूजा होत असते आणि ती कोणत्याही पंचांगात नमूद केलेली नसते. फुटबॉलच्या क्लबांत त्या दिवशी गोलाच्या खांबांना शेंदूर लावतात, फुले वाहतात. पुरोहित मंत्र म्हणतो. खेळाडू, पदाधिकारी आणि चाहते हात जोडून उभे राहतात आणि शेवटी सर्वांना मिठाई वाटली जाते. बंगालीत या विधीला ‘बार-पूजो’ म्हणतात. नव्या हंगामाची ही घटस्थापनाच समजावयाची.

२०२४ साली कार्यालयीन कामानिमित्त एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत मला अधूनमधून कोलकात्यास जावे लागले. आमच्या बंगाली आवृत्तीत काम करणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरी माझे जाणे-येणे झाले आणि त्यांच्या वडिलांची ओळख झाली. वय अठ्ठ्याहत्तर, टपाल खात्यातून सेवानिवृत्त, अंगाने किरकोळ, बोलणे मोजके. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या खोलीत लाल आणि सोनेरी रंगाचा एक जुना झेंडा टांगलेला होता आणि कपाटात वह्या रचून ठेवलेल्या होत्या. त्या वह्यांत १९६१ सालापासून त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक सामन्याची नोंद होती. तारीख, प्रतिस्पर्धी संघ, गोल, पाऊस होता की नव्हता आणि शेवटच्या रकान्यात ‘सोबत’, म्हणजे त्या दिवशी सामना पाहावयास बरोबर कोण होते ते. मी विचारले, “हा शेवटचा रकाना कशासाठी?” ते म्हणाले, “गोल किती झाले ते वर्तमानपत्रातही सापडते. सोबत कोण होते, ते मी लिहिले नाही तर कोण लिहिणार?”

एका नावाचा आधार

हे आजोबा ईस्ट बंगाल क्लबाचे चाहते. हे घराणे मूळचे बारिसालचे. १९५० साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले, त्यांत चार वर्षांचे मूल म्हणून ते आईच्या कडेवर बसून आले. कुटुंबाने शहराच्या दक्षिणेस निर्वासितांच्या वसाहतीत बांबूच्या तट्ट्यांचे घर उभे केले. जमीन गेली, पोफळीची बाग गेली, नदी गेली; परंतु नव्या शहरात एक गोष्ट अशी मिळाली की जिच्या नावातच गमावलेला प्रदेश शाबूत होता. ती गोष्ट म्हणजे हा क्लब.

या क्लबाची स्थापना १९२० सालची. एका सामन्यात पूर्व बंगालच्या एका खेळाडूस डावलले गेले, या रागातून सुरेशचंद्र चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवा संघ काढला, अशी कथा सांगितली जाते. फाळणीनंतर लक्षावधी विस्थापितांनी या संघास आपले मानले. विशेष असे की, ज्या आघाडीच्या फळीने १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे आय. एफ. ए. शील्ड जिंकून दिली, तिच्यात एकही बंगाली नव्हता. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह हे पाचही जण दक्षिण भारतातून आलेले. लोकांनी त्यांना ‘पंचपांडव’ हे नाव दिले. आपले घर सोडून आलेल्या माणसांनी दुसऱ्या प्रांतांतून आलेल्या पाच तरुणांवर पोटच्या पोरांसारखी माया केली.

याच घरातील दुसरा झेंडा हिरवा आणि मरून आहे. तो सूनबाईंचा. त्यांचे माहेर उत्तर कोलकात्यात श्यामबाजारला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या मोहन बागानचे. हा क्लब १८८९ सालचा. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी ते दोन गोल केले. मैदानाजवळ पोहोचू न शकलेल्या हजारोंना पतंगावर गोलसंख्या लिहून कळविली जात होती, असे सांगतात. सूनबाईंच्या आजोबांनी ही हकीकत आपल्या वडिलांकडून ऐकली होती आणि त्यांच्या माहेरी ती रामकथेइतक्या भक्तीने सांगितली जाते.

ही दोन दैवते सांगून भागत नाही. १८९१ साली स्थापन झालेल्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. १८९८ पासून चालत आलेल्या या लीगचे अजिंक्यपद तोवर एकाही भारतीय संघास मिळाले नव्हते. कोलकात्याचे मैदान या तिघांचे आहे.

कोल्हापूरच्या वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांचा सामना असला म्हणजे तेथील पेठापेठांतून जे वारे सुटते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या घरातील दोन झेंड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

पावसाळ्यातील व्रत

फुटबॉलचा हंगाम तेथे पावसाबरोबर येतो. फोर्ट विल्यमच्या परिसरातील ते हिरवे मैदान, लाकडी फळ्यांची प्रेक्षागारे, क्लबांचे तंबू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कचेऱ्या आणि घोट्यापर्यंतचा चिखल हे सारे आजोबांच्या वह्यांत आहे. त्यांनी पहिला सामना १९५८ साली वडिलांबरोबर पाहिला. त्या वर्षी लीग तिघांपैकी कोणालाच मिळाली नाही. ती प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या ईस्टर्न रेल्वे संघाने जिंकली. तिकीट न मिळालेले लोक किल्ल्याच्या उंचवट्यावर उभे राहून सामना पाहत; काही जण पुठ्ठ्याच्या नळीत दोन आरसे बसवून परिदर्शक तयार करीत आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावरून खेळ पाहत. “मला चेंडू क्वचितच दिसे,” आजोबा सांगत होते. “वडिलांच्या चेहऱ्यावरून मला खेळ कळे.”

या व्रताचे आहाराचेही नियम आहेत. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा मासा, मोहन बागान जिंकला की मोठी कोळंबी. त्या संध्याकाळी बाजारात त्या त्या माशाचा भाव चढतो. १३ जुलै २०२४ रोजी कलकत्ता लीगमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानचा २-१ असा पराभव केला, त्या दिवशी मी योगायोगाने त्यांच्या घरी होतो. आजोबा पिशवी घेऊन स्वतः बाजारात गेले. सूनबाईंनी मोहरी वाटून हिल्सा रांधला. चव घेऊन “मीठ जरा जास्त झाले वाटते,” एवढेच म्हणाल्या. मीठ अगदी बेताचे होते.

परंतु तो सामना घरातील सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता. नातू त्या महिन्यात अठरा वर्षांचा झाला होता. आजोबांच्या वह्या त्याला तोंडपाठ होत्या. तरीही या दोन संघांचा सामना त्याने क्रीडागारात बसून कधीच पाहिला नव्हता. आईची परवानगी नव्हती. त्या जेवताना शांतपणे म्हणाल्या, “बाबा, १६ ऑगस्टची हकीकत मी तुमच्याच तोंडून ऐकली आहे.” त्यावर आजोबा काही बोलले नाहीत.

१६ ऑगस्ट

ती हकीकत मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचा लीगचा सामना होता. आजोबा तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि सत्तावीस वर्षांचा धाकटा भाऊ बरोबर होता. दोन्ही संघांचे चाहते एकाच प्रेक्षागारात बसले होते. मैदानावर दोन खेळाडूंत खटका उडाला आणि त्याची ठिणगी वर येऊन पडली. दगड आले, विटा आल्या, माणसे दाराकडे धावली आणि अरुंद वाटेत चेंगराचेंगरी झाली. त्या दिवशी सोळा जण प्राणास मुकले. सामना पाहावयास गेलेली ती माणसे होती. घरी कोणी भात झाकून ठेवला असेल, कोणी दार उघडे ठेवले असेल.

गर्दीत भावाचा हात सुटला. आजोबांनी रात्री दहापर्यंत दोन रुग्णालये पालथी घातली. घरी परतले तेव्हा भाऊ पायरीवर बसलेला होता. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी होता. आई दोघांच्याही मध्ये बसून राहिली आणि पहाटेपर्यंत कोणीच झोपले नाही. “माझा भाऊ परत आला,” ते म्हणाले, “म्हणून इतर सोळांचा मला विसर पडावा, असे थोडेच आहे?”

त्यांनी त्या तारखेचे पान उघडून दाखविले. तारीख होती, प्रतिस्पर्धी संघाचे नाव होते. गोलांचा रकाना कोरा होता. ‘सोबत’ या रकान्यात भावाचे नाव होते आणि त्याखाली एका ओळीत सोळा उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. पुढील तीनचार वर्षे ते एकाही मोठ्या सामन्यास गेले नाहीत. १९८४ साली सॉल्ट लेक येथे नवे प्रचंड क्रीडागार झाले, त्यानंतर पुन्हा जाऊ लागले.

१६ ऑगस्ट हा दिवस तेथे ‘फुटबॉलप्रेमी दिवस’ म्हणून पाळतात आणि रक्तदान करून त्या सोळा जणांचे स्मरण केले जाते. आजोबांनी वयाच्या पासष्टीपर्यंत, म्हणजे नियमाने परवानगी होती तोवर, दरवर्षी रक्त दिले. त्यानंतर ते नुसतेच जाऊन रांगेजवळ बसत. नातू अठरा वर्षांचा होताच त्यांनी सूनबाईंपुढे एक प्रस्ताव ठेवला. रक्तदानास अठरा वर्षांची अट आहे. मुलगा प्रथम १६ ऑगस्टला रक्त देईल. मैदानावर काय घडू शकते हे समजून घेईल. आणि मगच सामन्यास जाईल. ड्युरँड चषकाच्या स्पर्धेत १८ ऑगस्ट रोजी सॉल्ट लेकवर दोन्ही संघांची गाठ पडावयाची होती. सूनबाईंनी आठवडाभर विचार केला आणि मान हलविली. तिकीट आले. मुलाने ते वहीत ठेवले.

जो सामना झाला नाही

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या एका शासकीय रुग्णालयात एका तरुण प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. साऱ्या देशास त्या घटनेने हादरा बसला. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री कोलकात्याच्या आणि बंगालमधील अन्य गावांच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया उतरल्या. सूनबाई त्यांत होत्या. गर्दीची धास्ती बाळगणारी ही बाई त्या रात्री स्वतः गर्दीत उभी राहिली.

मुलाने १६ तारखेस रक्त दिले. १७ तारखेस बातमी आली की, सुरक्षिततेच्या कारणास्तव दुसऱ्या दिवशीचा सामना रद्द करण्यात आला आहे. आणि १८ ऑगस्टला, ज्या दिवशी दोन्ही बाजूंचे चाहते एकमेकांच्या संघास खिजवावयाचे, त्याच दिवशी ते त्याच क्रीडागाराबाहेर एकत्र आले. हातांत आपापले झेंडे होते. मागणी एकच होती: त्या मुलीला न्याय मिळावा. मोहम्मेडन स्पोर्टिंगचे चाहतेही आले. पोलिसांनी जमाव पांगविण्यासाठी लाठी चालविली, काहींना ताब्यात घेतले. तरीही लाल-सोनेरी, हिरवे-मरून आणि काळे-पांढरे झेंडे बराच वेळ एकमेकांलगत फडकत राहिले.

नातवाला जाऊ द्यावे की नाही, हा प्रश्न त्या दुपारी घरात निघाला. सूनबाई उठल्या, पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चल. मीच येते.” माय-लेक संध्याकाळी उशिरा परतले, कपडे भिजलेले, घसे बसलेले. आजोबा दारात उभे होते. ते कधीपासून उभे होते, हे त्यांनी सांगितले नाही.

त्या रात्री वहीत नोंद झाली: ‘सामना झाला नाही.’ ‘सोबत’ या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘नातू आणि बौमा’. बौमा म्हणजे सूनबाई. त्या दिवशी आजोबा स्वतः घरीच होते. परंतु रकाना त्यांनी रिकामा ठेवला नाही.

पराभवांची शरदॠतू

सप्टेंबरात देशपातळीवरील इंडियन सुपर लीग सुरू झाली. त्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंगलाही तीत प्रवेश मिळाला होता, म्हणून प्रथमच कोलकात्याचे तिन्ही जुने संघ त्या लीगमध्ये होते. ईस्ट बंगालने जानेवारीत सुपर कप जिंकला होता. आजोबांच्या मनात मोठ्या आशा होत्या. आणि मग पराभव सुरू झाले. बंगळूरुकडून ०-१, केरळकडून १-२, गोव्याकडून २-३. तीन पराभवांनंतर स्पॅनिश प्रशिक्षक पायउतार झाले. चौथा पराभव जमशेदपूरकडून.

पाचवा सामना १९ ऑक्टोबर रोजी मोहन बागानशी होता आणि तोच नातवाच्या आयुष्यातील प्रत्यक्ष पाहिलेला पहिला मोठा सामना ठरला. एकाच घरातील तिघे एकाच टॅक्सीने निघाले. क्रीडागाराच्या दाराशी सूनबाई हिरव्या-मरून साडीत आपल्या भावाबरोबर एका बाजूस गेल्या. आजोबा आणि नातू दुसऱ्या बाजूस. जाताना त्यांनी मुलाच्या हाती पाण्याची बाटली दिली आणि आजोबांना बजावले, “बाबा, बाहेर पडण्याची घाई करू नका. गर्दी ओसरू द्या.” ईस्ट बंगाल ०-२ असा हरला. आजोबा आणि नातू प्रेक्षागार जवळजवळ रिकामे होईपर्यंत बसून राहिले. नातू रडत होता. आजोबांनी त्याला समजाविले नाही. ते म्हणाले, “१९७५ साली शील्डच्या अंतिम सामन्यात आपण त्यांना पाच गोलांनी हरविले होते. त्या दिवशी त्यांच्या बाजूलाही कोणी तुझ्या वयाचा असाच बसला असेल.”

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी कोळंबी रांधली. वाढताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. आजोबांनी दोनदा मागून घेतली.

सहावा पराभव ओडिशाकडून झाला. सहा सामने, शून्य गुण. याच सुमारास संघ आशियाई स्पर्धेसाठी भूतानला गेला आणि तेथे बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जला ४-० व लेबनॉनच्या नेजमेहला ३-२ असे हरवून आला. घरात जरा उजेड झाला. पण लीगच्या कोष्टकात तळाशी शून्यच होते. मी नातवाला विचारले, “आता काय?” तो म्हणाला, “आता ९ नोव्हेंबर.”

नऊ जण

९ नोव्हेंबरचा सामना मोहम्मेडन स्पोर्टिंगशी होता. आजोबांना ताप असल्यामुळे सर्वांनी तो घरीच पाहिला, मीही होतो. अर्धा तास होण्यापूर्वीच ईस्ट बंगालच्या दोन खेळाडूंना पाठोपाठ लाल कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. अकरांविरुद्ध नऊ, आणि तासाहून अधिक खेळ शिल्लक. नातवाने तोंड झाकून घेतले. आजोबा पांघरूण बाजूला सारून खुर्चीवर ताठ बसले.

त्यानंतर जे घडले त्यात डोळे दिपविणारे काही नव्हते. नऊ माणसे आपल्या गोलासमोर उभी राहिली. चेंडू आला की दूर मारायचा, पुन्हा आला की पुन्हा दूर मारायचा. पाय दुखले तरी धावायचे, पडले की उठायचे. मध्यंतर झाले, पाऊण तास सरला. शेवटच्या दहा मिनिटांत माझ्या ध्यानात आले की, सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या आहेत आणि हातातील पदराचा पीळ करीत आहेत. जन्मभर मोहन बागानच्या असलेल्या त्या बाई हलकेच पुटपुटल्या, “धरून ठेवा रे, थोडाच वेळ राहिला आहे.” सामना ०-० असा सुटला. हंगामातील पहिला गुण मिळाला. आजोबांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि वही मागितली.

पुढे २९ नोव्हेंबरला ईस्ट बंगालने नॉर्थईस्ट युनायटेडवर १-० असा पहिला विजय मिळविला. तथापि तो हंगाम संघाने नवव्या क्रमांकावर संपविला आणि लीगची ढाल व चषक दोन्ही मोहन बागानने जिंकली. निकालांच्या हिशेबाने पाहिले तर आजोबांच्या पदरी फारसे काही पडले नाही.

आवडीचा संघ माणसाला काय देतो, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आणि वेळेचा अपव्यय, निरर्थक भांडणे, प्रसंगी १९८० सारखा अनर्थ, अशी उत्तरेही दिली जातात. ती खोटी नाहीत. परंतु त्या घरात मी पाहिले ते निराळे होते. हरणे पचविण्याची सवय, समोरच्या बाजूसही आपल्यासारखीच माणसे बसली आहेत याची जाणीव, आणि ज्या गर्दीने एकदा जीव घेतला तिलाच माणुसकी शिकविता येते हा विश्वास, या तीन गोष्टी त्या मुलाला कोणी व्याख्यान देऊन सांगितल्या नव्हत्या. आजोबांच्या सोबतीने बसून त्याने त्या आत्मसात केल्या होत्या.

निघण्यापूर्वी मी वहीत डोकावलो. ९ नोव्हेंबरच्या नोंदीत गोलांच्या रकान्यात दोन शून्ये होती. ‘सोबत’ या रकान्यात मुलगा, सून आणि नातू यांच्या खाली माझेही नाव बंगाली अक्षरांत लिहिले होते.